एला दुःखी का गात नाही?

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. ‘बिली हॉलिडे ऐकताना पोटात कालवतं, तुझी एला फिट्झजेराल्ड म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट’ हे तू मला डिवचायला लिहिलंयस, कळतंय. तरी या दोन अमेरिकन जॅझ गायिकांच्या भांडणात उत्तर देतोच. गाणाऱ्याच्या आयुष्यातलं दुःख गाण्यात ठिबकलंच पाहिजे, हा हट्ट मला पटत नाही. आणि हट्टच धरायचा तर एलाकडेही दुःखाला तोटा नव्हता. तिने ते विकायला काढलं नाही, इतकंच. (बिलीने काढलं असं म्हणत नाहीये, लगेच भांडू नकोस.)

एलाचा जन्म व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजचा, १९१७ चा. वाढली न्यूयॉर्कला लागून असलेल्या यॉन्कर्समध्ये. आई १९३२ मध्ये गेली आणि पोरीचं घर सुटल्यासारखंच झालं. शाळा बुडू लागली, आकड्यांच्या जुगारवाल्यांचे निरोप पोचवायची कामं सुरू झाली, आणि शेवटी सरकारने तिला हडसनच्या मुलींच्या सुधारगृहात टाकलं. तिथे मारहाण व्हायची, काळ्या मुलींना वेगळं ठेवत. गायनवृंद होता, पण तो गोऱ्या मुलींचा! एला तिथे असून त्यात नव्हती. हे सगळं बाहेर आलं ते १९९६ मध्ये, ती गेल्यावर, एका पत्रकार बाईने जुने कागद धुंडाळले तेव्हा. एवढी वर्षं मुलाखती देत होती, पण याबद्दल कधी बोलली नाही.

तिथून पळाली आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यांवर दिवस काढू लागली. २१ नोव्हेंबर १९३४ ला अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या रात्री ती स्टेजवर चढली, तीही नाचायला. पण आधी एडवर्ड्स भगिनी असं काही नाचून गेल्या की हिचे पाय गळाले. मग गायली. पहिलं बक्षीस पंचवीस डॉलर. बक्षिसात आठवडाभराचं कामही होतं, पण तिच्या कळकट कपड्यांकडे बघून ते दिलंच नाही म्हणतात. चिक वेबनेही आधी नाकच मुरडलं होतं. पाठीच्या कण्याच्या क्षयाने वाकलेला हा बुटका ड्रमर सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराचा राजा होता. तुम्हा तबलजींना त्याचा हात ऐकायलाच हवा. १९३५ मध्ये त्याने तिला बँडमध्ये घेतलं, १९३८ मध्ये एका बडबडगीतावरून बेतलेलं ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ देशभर गाजलं, आणि पुढच्याच वर्षी वेब गेला. बाविसाव्या वर्षी त्या बँडच्या नावाच्या जागी हिचं नाव लागलं.

आता स्कॅटबद्दल, म्हणजे शब्दांऐवजी नुसती अक्षरं घेऊन गाण्याबद्दल. तू म्हणतोस ‘निरर्थक अक्षरं’. तबला शिकलेल्या माणसाने हे लिहावं? तराण्यात तू अर्थ शोधत बसतोस का? ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर फिरताना ती बीबॉप या वेगवान, नव्या जॅझवाल्यांची ट्रम्पेट-सॅक्सोफोनची वळणं कानांनी टिपत होती आणि तीच गळ्यातून काढू बघत होती. १९४७ चं ‘ओह, लेडी बी गुड’ ऐक. आवाज मुलीसारखा हलका, पण लय एका जागी ढळत नाही.

आणि ज्या काळात ती इतकी हसरी गात होती, तो काळ बघ. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेल्या तिला पॅन अॅम या विमान कंपनीने होनोलुलूत विमानात पुन्हा चढू दिलं नाही. सिडनीचे कार्यक्रम बुडाले. तिने कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनला तिचा मॅनेजर नॉर्मन ग्रँट्झ अडून बसला, की काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसतील तरच कार्यक्रम. मध्येच पोलीस तिच्या खोलीत घुसले. कोपऱ्यात कुणी फासे टाकत होते, ही नुसती ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ खात, कॉफी पीत बसलेली. तरी जुगाराच्या आरोपाखाली चौकीवर नेलं, आणि तिथे तिच्याकडे ऑटोग्राफ मागितला! परत येऊन तिने रात्रीचा दुसरा खेळ केला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ बाकी काही वाचू शकलो नाही.

एका बाबतीत तुझं ऐकतो. ग्रँट्झने १९५६ पासून काढलेल्या एकेका गीतकार-संगीतकाराच्या गाण्यांच्या त्या आठ ‘साँग बुक’ मालिकांमध्ये व्हायोलिनांचा लोंढा कधी कधी फार होतो. कोल पोर्टरच्या गाण्यांचं पहिलं म्हणून सगळे डोक्यावर घेतात. मला त्यातली निम्मी गाणी गुळगुळीत वाटतात. पण ड्यूक एलिंग्टनची गाणी तू सोडलीयस, ती सोडू नकोस.

खरी एला मैफलीत भेटते. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. ‘मॅक द नाइफ’ सुरू करण्याआधीच ती सांगते, शब्द आठवले तर बरं. आणि मध्यावर खरंच विसरते. दर कडव्याला पट्टी अर्ध्या स्वराने चढतेय, मागे फिरायला जागा नाही, आणि ही जागच्या जागी नवे शब्द रचतेय: आपण विसरलो हे, बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगने हे गाणं गायलंय हे, आणि आपण त्याची वाट लावतोय हे. मध्येच आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज काढते. आणि सम एकदाही चुकत नाही. या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं, ते चुकलेल्या शब्दांसकट. आता सांग, हा आनंद वरवरचा आहे? मला तर यात रस्त्यावर तगलेली पोरगी दिसते. पडायला झालं तर पडताना काय करायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही.

शेवट वाईट झाला. मधुमेहाने नजर मंदावली, १९९३ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, जून १९९६ मध्ये गेली. याचंही गाणं तिने केलं नाही.

त्याच बर्लिनच्या रेकॉर्डवरचं ‘हाउ हाय द मून’ शेवटपर्यंत ऐक. जवळपास सात मिनिटं आहे, त्यात ती किती दुसऱ्या गाण्यांच्या ओळी चोरून घुसवते ते मोज. गस जॉन्सनच्या ड्रमकडे वेगळं लक्ष दे आणि मला लिही. ठेक्यातलं तुला कळतं, मला नाही.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येशील तेव्हा माझ्या कुमारांच्या सीडी आण, त्या अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझा,
सुध्या