मुलीस पत्र: क्रूस कोठे गोंदवावा

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलेस, "आई, क्रूस गोंदवायचा हे ठरले आहे, पण कोठे काढू?" आणि मी "विचार करून सांगते" एवढेच म्हणाले. तुला वाटले असेल की आई टाळते आहे. तसे नव्हते. गोंदवावे की नाही हा प्रश्न तू मला विचारलाच नव्हतास, आणि वयाची बावीस वर्षे पूर्ण केलेल्या मुलीने जो विचारला नाही त्या प्रश्नाचे उत्तर देत बसू नये, एवढे मला कळते. जो विचारलास त्याचे उत्तर मात्र नीट देणार आहे.

बायबलमधल्या लेवीय १९:२८ या वचनाचा विषय पटकन संपवते, कारण कोणीतरी तो तुझ्यापुढे ठेवणारच. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि अंग गोंदवू नका, असे तेथे सांगितले आहे आणि त्याच्या आगेमागे दाढीच्या कडा कापण्याविषयीही आज्ञा आहेत. पाळकसाहेबांशी मी बोलले. शोक करण्याच्या परराष्ट्रीय रीतींपासून इस्राएलाला वेगळे ठेवण्याचा तो नियम आहे, असे त्यांचे मत आहे आणि मलाही ते पटते. दुसरे कोणी प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातली उजव्या हातावरची आणि कपाळावरची, देवाच्या वैरी श्वापदाची खूण काढील. त्याला नम्रपणे पुढचाच अध्याय वाचायला सांग, कारण तेथे पित्याचे नाव कपाळावरच लिहिलेले आहे. जागा तीच असली तरी खूण कोणाची आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

आता जागेविषयी. माझ्या मते हा प्रश्न शोभेचा नाही, ही खूण कोणाशी बोलणार आहे याचा आहे. मानेच्या मागे काढलेला क्रूस तू स्वतः कधीच पाहणार नाहीस, तो फक्त तुझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसासाठी असेल. बरगडीवरचा क्रूस तुझ्याशिवाय जवळजवळ कोणालाच दिसणार नाही आणि तुलाही आरशाशिवाय नीट दिसणार नाही. शिवाय हाडावर कातडी पातळ असल्याने तेथे दुखतेही फार. मनगटाजवळचा क्रूस दिवसातून शंभर वेळा तुझ्या डोळ्यांपुढे येईल आणि समोरच्यालाही दिसेल. यांपैकी तुला काय हवे आहे ते आधी ठरव, नक्षी नंतर पाहता येईल.

ज्यांच्याकडे ही रीत जुनी आहे त्यांनी हे कसे ठरवले, ते पाहण्यासारखे आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवतात, पुष्कळदा बालपणीच. चर्चच्या दारावर पहारा असतो तेथे हे मनगट दाखवून आत जाता येते, म्हणून झटकन उलटून दाखवता येईल अशी ती जागा आहे. इथिओपियाच्या डोंगराळ भागातील ऑर्थोडॉक्स स्त्रियांच्या कपाळावर क्रूस दिसतो. बोस्नियात १४६३ नंतर उस्मानी तुर्कांची सत्ता आली, त्या काळापासून तेथील कॅथलिक स्त्रिया हातांवर, बोटांवर आणि छातीवर क्रूस गोंदवून घेत आल्या. ते हात झाकायचे नव्हतेच, दिसावेत म्हणूनच गोंदवलेले होते. सहाव्या शतकात गाझाच्या प्रोकोपियस या ख्रिस्ती भाष्यकाराने यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायावर लिहिताना, अनेक ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूसाची खूण अथवा ख्रिस्ताचे नाव धारण करतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे तुझा बेत वाटतो तितका आधुनिक नाही. या बहुतेक ठिकाणी जागेमागे काहीतरी कारण होते, कोठे ओळख, कोठे संरक्षण, कोठे यात्रेची आठवण. तुझ्यावर पहारेकरी नाही की सत्तेचे संकट नाही, त्यामुळे कारण तुलाच शोधावे लागेल.

या आठ दिवसांत मी वयाला न शोभणारा एक उद्योग केला. निळ्या बॉलपेनने डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस काढला आणि रोज अंघोळीनंतर तो पुन्हा गिरवला. पहिल्याच दिवशी कळले की घड्याळाचा पट्टा नेमका त्याच्यावर बसतो, आणि सतत घासणारा पट्टा नव्या गोंदणाला चांगला नाही. म्हणून मी तो मनगटाच्या वळीपासून दोन बोटे वर सरकवला. वळीवर तसेही काढू नयेच, कारण जेथे कातडी दिवसभर दुमडते तेथे रेषा लवकर बिघडते. रविवारी उपासनेत आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रार्थनेला हात जोडले की दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजू समोरासमोर येतात आणि क्रूस कोणालाच दिसत नाही, आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तळहात पुढे केले की तोच क्रूस उघडा होतो. ही गोष्ट मला इतकी आवडली की त्या क्षणी माझा कौल मनगटाच्या वरच्या या जागेला पडला.

पण उपासना संपल्यावर शब्बाथ शाळेतला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा माझ्या हाताशी उभा राहिला आणि त्याने मोठ्याने विचारले, "मावशी, तुमचा क्रूस उलटा का आहे?" मला हसू आले, मग मी खाली पाहिले. पोरगा खरे बोलत होता. हात वर करून बोटे आकाशाकडे केली की मला सरळ दिसावा, असा मी तो काढला होता, म्हणजे त्याचा माथा बोटांकडे होता. हात खाली सोडला की तो उलटा होतो, आणि लहान मुलांच्या नजरेच्या पातळीवर मोठ्यांचे खाली सोडलेले हातच असतात. उलटा क्रूस ही परंपरेने संत पेत्राची खूण आहे, कारण आपल्याला डोके खाली करून क्रूसावर चढवावे असे त्याने मागितले, असे सांगतात. मात्र आज पुष्कळांना उलटा क्रूस म्हणजे ख्रिस्तविरोधी चिन्ह वाटते, आणि प्रत्येकाला पेत्राची गोष्ट सांगत फिरण्याचे बळ तुझ्यात असेल असे मला वाटत नाही. गोंदणारे जाणते लोक म्हणूनच हात सैल सोडला असता चित्र सरळ दिसेल, म्हणजे त्याचा माथा कोपराकडे राहील, असे काढतात. तसे काढलेस तर हात उभा धरल्यावर तो तुला उलटा दिसेल. त्यातून सुटण्याची एक जुनी युक्ती आहे. कॉप्टिक क्रूसाच्या चारही भुजा सारख्या असतात, तसेच जेरुसलेम क्रूसाचे, ज्यात मोठ्या क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चार छोटे क्रूस असतात. हे कोणत्याही बाजूने पाहिले तरी सरळच. मनगटासाठी मी लांब पायाच्या क्रूसापेक्षा समान भुजांचा क्रूस पसंत करीन.

तुझ्या बाबांचे म्हणणे दंडावर, बाहीच्या आत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दंडाची बाहेरची बाजू कमी दुखते, ऊन कमी लागते आणि उन्हानेच रंग लवकर फिका पडतो. गणवेशाच्या काही नोकऱ्यांत कोपराखाली गोंदण चालत नाही, तोही प्रश्न मिटतो. पण परिचारिका म्हणून तुझा गणवेशच कोपरापर्यंतचा हात उघडा ठेवणारा असेल, म्हणून निर्णयापूर्वी तुझ्या संस्थेचा नियम लेखी विचारून घे. नियम आड येत नसेल तरी एका गोष्टीचा विचार कर. तुझ्या हाताखाली निजलेल्या रुग्णाला तुझी खूण पाहायची की नाही हे ठरवण्याची मोकळीक नसेल. कोणाला त्याने धीर येईल, कोणी आपल्या घरच्या दुःखामुळे देवाचे नावही ऐकायला तयार नसेल. मला वाटते, लहान क्रूस कोणाच्या अंगावर येत नाही. नाण्याएवढा असावा, त्याहून मोठा नको.

आता जे तुला आवडणार नाही ते. छाती आणि खांदा तू यादीतून काढून टाकावेस. तुझे कान टोचले तेव्हा उजव्या पाळीला जी कडक गाठ आली आणि वर्षभर वाढत राहिली, तिला डॉक्टरांनी केलॉइड म्हटले होते. ज्यांना एकदा अशी गाठ येते त्यांना पुन्हा कोठेही जखम झाली की ती येण्याचा धोका राहतो, आणि छातीच्या मधल्या हाडावर, खांद्यावर व कानाच्या पाळीवर तो सर्वांत जास्त. हृदयाजवळ प्रभूची खूण असावी ही भावना मला समजते, पण तेथे क्रूसाऐवजी उंचवटा उभा राहिला तर काय उपयोग? मनगटाजवळही हा धोका शून्य नाही. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना कान दाखव, आणि ते नको म्हणाले तर नको. त्यांच्याशी बोलताना हातावरचा तो तीळही दाखव. तिळावर शाई चढवायची नसते, कारण पुढे त्याचा रंग वा आकार बदलला तर तो शाईखाली दिसणार नाही.

तळहाताचाही विचार तू केला होतास, यशया ४९:१६ वाचून. देवाने सियोनेला, म्हणजे जेरुसलेमला, आपल्या तळहातावर कोरले आहे, हे वचन तुझ्या आजीलाही फार प्रिय होते. पण माणसाचा तळहात शाई धरत नाही. सुई शाई सोडते ती वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तेथील संरक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून गोंदण टिकते, वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो तरी. तळहात, बोटांच्या कडा आणि तळपाय येथे कातडी जाड, घर्षण फार आणि झीज मोठी, त्यामुळे तेथील शाई डागाडागांनी उडते. (ती जागा देवाने स्वतःकडेच ठेवली आहे, असे मी मनाशी म्हणाले.) वचनाचा आकडा किंवा ग्रीक अक्षरे घालायची झाली तरी मनगटावर नको. वर्षांगणिक रेषा जाड होतात आणि बारीक अक्षरांची पोटे बुजतात. अक्षरांना दंडासारखी ऐसपैस जागा लागते.

पण ऐसपैस जागेचाही मोह असतो. स्कॉटलंडचा प्रवासी विल्यम लिथगो याने १६१२ मध्ये जेरुसलेमला आपल्या हातावर येशूचे नाव आणि जेरुसलेम क्रूस गोंदवून घेतला, आणि जागा होती म्हणून की काय, त्याच्याखाली आपल्या राजाचे नाव व मुकुटही घातला. पुढे १६२० मध्ये स्पेनमधील मालागा येथे तो पकडला गेला तेव्हा त्या पाखंडी राजाचे नाव आणि मुकुट हातावरून ओरबाडून काढण्याचा हुकूम झाला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तुझ्यावर असा प्रसंग येणार नाही. पण क्रूसाच्या शेजारी कोणाही माणसाचे नाव नको, या माझ्या हट्टाला तेवढा आधार पुरे.

तेव्हा माझे मत असे: डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि संस्थेचा नियम आड आला नाही तर उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वळीपासून दोन बोटे वर, समान भुजांचा, नाण्याएवढा, फक्त काळ्या शाईचा क्रूस. नियम आड आला तर दंड, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे. दिवस असा निवड की त्यानंतर किमान तीन आठवडे तुला कामावर जायचे नसेल, कारण तासातासाला साबण आणि हातमोज्यांची कड लागणाऱ्या हातावर ताजी जखम भरणार नाही. तेवढे दिवस पोहणे आणि ऊनही वर्ज्य. सुई नवी, तुझ्यासमोर पाकिटातून काढलेली असली पाहिजे, हे तुला मी सांगायला नको.

तेथे गेल्यावर गोंदणारा आधी चित्राचा छाप कातडीवर चिकटवतो. तो खुर्चीत बसून, तळहात वर करून लावला असेल तर लगेच होकार देऊ नकोस. उठून उभी राहा, हात सैल सोड, तळहात फिरवून बघ, कारण कोपराखालची कातडी हाताबरोबर पिळते आणि बसून सरळ वाटलेला क्रूस उभे राहिल्यावर तिरका दिसतो. तिरका वाटला तर पुसून पुन्हा लावायला सांग, हवे तर तीनदा. जाणता माणूस त्याला कुरकुर करीत नाही, आणि कुरकुर करणाऱ्याच्या हाती हात देऊ नये. मग हात खाली सोडलेला एक फोटो मला पाठव, सुई लागण्यापूर्वी. तुझे बाबाही पाहतील, चष्मा शोधून.

तुझी,
आई