सूचना: शोधनिबंध पाठवण्याआधी एवढं पाहा

सभासदांनो, नमस्कार.

अन्नविज्ञान व तंत्रज्ञानाच्या नियतकालिकाकडे निबंध पाठवणाऱ्यांसाठी ही आठवण. कित्येक निबंध परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाहीत, संपादकाकडूनच परत येतात. म्हणून नियतकालिकाची विषयव्याप्ती आधी वाचा.

खरी गल्लत होते ती आकडेवारीत. एकाच घाण्यातले (म्हणजे एका वेळी बनवलेल्या पदार्थातले) ३ नमुने मोजले म्हणजे ३ पुनरावृत्ती झाल्या असं नाही. त्यातून फार तर मोजणीतला फरक कळतो. घाणेच ३ वेगळे करा आणि सरासरीसोबत प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) द्या. टिकाऊपणाचा दावा असेल तर साठवणीचं तापमान, वेष्टन आणि वॉटर ॲक्टिव्हिटी (पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचं माप) लिहा. नुसता ओलाव्याचा टक्का पुरत नाही, कारण जंतूंची वाढ पदार्थातल्या मोकळ्या पाण्यावर ठरते. (हे आम्हीही एकदा परीक्षकाकडूनच शिकलो!)

चवचाचणीत माणसं असतील तर नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागींची लेखी संमती चाचणीच्या आधीच हवी.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा. सहलेखकांची नावं व क्रम आधी ठरवा, नंतर बदलणं किचकट असतं. ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ असा ईमेल आला तर सरळ डिलीट करा.