बॉयलर का फुटला, ते चित्रातच असते

महोदय,

वाफेच्या यंत्रांवरच्या विनोदी वेबचित्रकथेचे नवे पान आले की त्यातला बॉयलर (वाफ तयार करणारी टाकी) का फुटला, याचे इकडे पारावर तर्क सुरू होतात. 'खलनायकाने सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा वाफ बाहेर सोडणारी झडप) बांधून ठेवला' हा ठरलेला. तर्क जरूर करावेत, पण आधी चित्र मोठे करून पाहावे. वाफ वरच्या व्हॉल्व्हमधून उसळत असेल तर दाब वाढला आहे. भट्टीच्या दारातून येत असेल तर बहुधा पाणी कमी पडले. भट्टीच्या छतात शिशाचा प्लग असतो. त्यावरचे पाणी हटले की शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि वाफ थेट आगीवर येते. म्हणजे दोषी व्हॉल्व्ह बांधणारा नव्हे, पाणी भरायचे विसरणारा! मग मागच्या चार-पाच पानांत बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी शोधावी. जाणकार चित्रकार खूण तिथेच ठेवतो. काळा धूर मात्र पुरावा धरू नये, तो हवा अपुरी पडल्याचा.

आपली यवतमाळ–मूर्तिजापूर 'शकुंतला' 1994 पर्यंत वाफेवर धावली. तिच्या इंजिनावर काम केलेले कोणी जवळपास असतील, तर पान आधी त्यांना दाखवावे. आणि पुढचे पान आधी पाहणाऱ्याने ते इतरांना सांगू नये, ही कळकळीची विनंती.

— चित्रकथांचे वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ