गळती शोधणाऱ्या लेसर कॅमेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
पुणे कार्यालय

महोदय,

उद्यमबाग, बेळगाव येथे आमची लहान फाउंड्री आहे. लेडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) तापवायला आम्ही एलपीजी वापरतो. खरेदीच्या चौकशीत आणि ऑर्डरमध्येही ‘एलपीजी लाइनसाठी’ असे स्पष्ट लिहिले होते. तरीही तुम्ही आम्हाला फक्त मिथेन ओळखणारा कॅमेरा विकलात.

डेमोच्या दिवशी आमची भट्टी बंद होती, म्हणून तुमच्या प्रतिनिधीला खानापूरजवळ माझ्या सासुरवाडीच्या गोबरगॅसवर नेले. पडद्यावर गळती लाल ढगासारखी झकास दिसली. दिसणारच! गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेनच असतो. सासऱ्यांनी चहा पाजला, मी बयाणा दिला. चूक माझीही आहे, ते मान्य.

गेल्या आठवड्यात सिलिंडरच्या खोलीत वास आला. कॅमेरा पिगटेलवर (सिलिंडरला जोडलेल्या लवचिक नळीवर) रोखला तर पडद्यावर काहीच नाही, आकडा शून्य. फिटरने ब्रशने साबणाचे पाणी लावले, तर नटाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे फुगायला लागले. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि खोलीशेजारूनच केबलची चर जाते. यंत्रावर विश्वास ठेवून वर भट्टी पेटवली असती तर?

फोनवर तुमचे इंजिनिअर म्हणाले, ‘मागे लेसर परतवणारा पृष्ठभाग नसेल.’ मागे विटांची भिंत होती. मग म्हणाले, ‘अंतर जास्त असेल.’ अंतर चार पावले. शेवटी मीच मॅन्युअल उघडले. या लेसरची तरंगलांबी १.६५ मायक्रॉन, मिथेन जिथे प्रकाश शोषतो नेमकी तीच. एलपीजीतले प्रोपेन-ब्युटेन त्याला दिसत नाहीत. ३.३ मायक्रॉनच्या आसपास काम करणारे कॅमेरे हे वायूही टिपू शकतात, हे ऑर्डर घेतानाच तुम्ही सांगायला हवे होते.

हे यंत्र परत न्यावे आणि दिलेली रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. उरलेले बिल मी थांबवले आहे. बदली यंत्र देणार असाल तर आमच्याच सिलिंडरच्या खोलीत, एलपीजीवर चाचणी करून दाखवा. त्याशिवाय सही मिळणार नाही.

कॅमेरा चार्जरसह खोक्यात भरून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा. गेटवरचा वॉचमन गोकाककडचा आहे, त्याला मराठी थोडेच कळते.

आपला,
एक ग्राहक, उद्यमबाग, बेळगाव