दिन्यास, बाईंच्या राउटरबद्दल

चिपळूण,
१२ जुलै २०२५

प्रिय दिन्या,

दिवाळीत आपलं जे झालं त्यानंतर ना तुझा फोन, ना माझा. सुमी म्हणत होती, एक मेसेज तरी टाक. पण मेसेजमध्ये मावण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, कारण त्यात आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाई आहेत. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर गोळीवर आहे. बाकी ठीक.

तर बाईंनी ऑनलाइन राउटर मागवला. माझ्या दुकानातून घेतला नाही याचं मला काही वाटलं नाही. मला डिस्ट्रिब्युटर जो भाव लावतो त्याच्याही खाली तो तिथे विकला जातो, मग बाईंना जास्त पैसे घाला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? खोक्यावर एमआरपी ५,९९९, हातात पडला १,२९९ ला. ७८ टक्के सूट. मी खोकं उघडायला बसलो तर पहिला प्रश्न: "पाच हजार नऊशे नव्व्याण्णवला हा कुणी कधी घेतलाय का रे?" मी म्हटलं, नाही. एमआरपी म्हणजे याच्या वर घेऊ नये एवढंच. आकडा कंपनी ठरवते, आणि तो जितका मोठा छापाल तितकी सूट मोठी दिसते. "मग टक्के कशाचे काढलेत?" तो आवाज तुला आठवत असेल. मी चाळिशी उलटलेला माणूस, पण बसल्या जागी सरळ झालो.

घेण्याआधी त्यांनी रिव्ह्यू वाचले होते, आणि आपण वाचतो तसे नाही. चौकटीची वही, पेन्सिल, पट्टीनं आखलेले रकाने. किती स्टार, किती दिवस वापरला, घर कसं आहे, प्लॅन कितीचा, काय अडलं. पहिला रकाना गच्च भरलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे. "पॅकिंग छान." "डिलिव्हरी वेळेवर." "आत्ताच आला, दिसायला मस्त, पाच स्टार." अजून प्लगमध्ये घातलेला नाही, आणि पाच स्टार! एक स्टार देणाऱ्यांतले बरेच जण टेलिफोनच्या वायरवर नेट घेणारे. त्यांना हवा मोडेम आणि हा नुसता राउटर, त्याला टेलिफोनची वायर घालायला भोकच नाही, तर चालणार कसा? काही रिव्ह्यू तर या राउटरचेच नाहीत. तीन-चार मॉडेलं एकाच पानावर पर्याय म्हणून लावलेली, सगळ्यांचे स्टार एकत्र, आणि वर ४.२ ची सरासरी.

बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "यांनी उत्तर लिहिलंय, पायऱ्या कुणीच लिहिल्या नाहीत. मी असल्या पेपराला मार्क दिले असते का?"

तुला तर त्यांनी बरोबर उत्तराला शून्य दिलं होतं. तू शेजारच्याचं बघून लिहिलं होतंस म्हणून, पण ते असो.

त्यांचा नेटचा प्लॅन २०० एमबीपीएस वेगाचा. फायबरचा डबा पडवीत, आणि नातवंडांची शिकवणी माजघरात बसून व्हिडिओ कॉलवर. मधे चिऱ्याच्या दोन भिंती. ते घर तुला माहीत आहे, खिडकीत बसलं तर पाय बाहेर लोंबकळत नाहीत इतकी जाड भिंत. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण असल्या भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही. २.४ पोचतो, पण रखडत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० एमबीपीएस. बाईंनी विचारलं, हे कुठून आलं? सांगितलं, २.४ वर ३०० आणि पाचवर ८६७, दोन्हींची बेरीज, आणि एक फोन एका वेळी त्यातल्या एकाच बँडवर असतो. त्यांनी मांडून बघितलं. "अकराशे सदुसष्ट होतात. वरचे तेहतीस कुणाचे?"

मग राउटरच्या शेजारी बसून, मधे भिंत नाही काही नाही, स्पीड तपासला. ९३. राउटरमधून केबल थेट लॅपटॉपला लावली तरी तेवढाच. राउटर उलटा करून मागची केबलची भोकं, म्हणजे पोर्ट, दाखवली. चारही १०/१०० ची. लॅपटॉपनंही लिंक स्पीड १००/१०० दाखवला. म्हणजे २०० काय नि ५०० काय, कुठलाही प्लॅन त्या भोकातून शंभरच्या आतच येणार, वायफायवर बाराशे लिहिलेलं असो की बारा हजार. हे विक्रीच्या पानावर लिहिलेलं नव्हतं का? होतं. तळाशी, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात, वजन आणि रंगाच्या मधे.

दिन्या, इथे मला तू आठवलास. आपण दोघं दुकान चालवायचो तेव्हाचं आपलं भांडण हेच. "गिऱ्हाइकाला भाव सांग, पोर्ट सांगू नकोस. पोर्ट सांगितलास की तो विचार करायला घरी जातो." हे तू म्हणायचास, हिरवी आणि निळी वायर उलटी क्रिंप करून वर "केबलच फॉल्टी" असं सांगणारा माणूस! गिऱ्हाईक घरी गेलं तर जाऊ दे, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. आता ते घरी जातच नाही, घरूनच येतं. काउंटरवर फोन पुढे करतं, "याला ४.२ आहे, तुमच्याकडे काय आहे?" घर केवढं, भिंती कसल्या, प्लॅन कितीचा, मी विचारायला लागलो की त्याला वाटतं हा महागातलं गळ्यात मारतोय. २०२१ च्या पुरानंतर याच लोकांनी चिखलातून काढलेली वायर घेऊन माझ्याकडे रांग लावली होती आणि मी सांगेन ते ऐकत होते. तो विश्वास आता त्या पाच चांदण्यांवर गेलाय, आणि मला हे खरंच लागतं.

बाईंचं काम केलं. पडवीतून माजघरात कॅट सिक्सची केबल ओढली. ड्रिलनं चिरा पोखरताना तांबडी भुकटी सगळ्या वह्यांवर, त्यावरून बोलणीही खाल्ली. तोच राउटर माजघरात ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं नेट तिथे वायफायवर द्यायला, लावून दिला. तिथे नव्वदच्या वर स्पीड मिळतो, आणि व्हिडिओ कॉलला त्याचा दहावा भाग पुरतो. म्हणजे वस्तू वाईट नाही. १,२९९ ला, या जागी, या कामाला अगदी बरोबर आहे. पूर्ण २०० हवे असतील तर सहा-सातशे जास्त घालून गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसच्या पोर्टचा घ्यायचा.

बाईंनी हेच लिहिलं. पंधरा दिवस वापरून, चार स्टार देऊन, मराठीत. घर चिऱ्याचं, प्लॅन २०० चा, भिंतीअलीकडे इतका, पलीकडे इतका, पोर्ट शंभरचा, म्हणून १,२९९ ला योग्य, पण दोन हजारांच्या वर गेला तर घेऊ नये. प्रत्येक पायरी ओळीनं. इतका नेकीनं लिहिलेला रिव्ह्यू मी आजवर वाचलेला नाही.

त्या ऑनलाइन दुकानानं तो नाकारला. दुसऱ्या दिवशी ईमेल आला की मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. खाली कारणांची यादी, त्यात किंमत आणि विक्रेत्याचा उल्लेख नको असं.

मला त्यांची बाजू कळते. भाव रोज बदलतो, एकाच पानावर चार विक्रेते असतात, उद्या बाईंचा आकडा जुना होईल. पण राउटर चांगला की वाईट हे किमतीशिवाय सांगायचं कसं? तोच डबा १,२९९ ला शहाणपणाचा आणि अडीच हजारांना फसवणूक. भाव काढून घेतला की उरतं ते "पॅकिंग छान". मी बाईंना म्हटलं, तेवढी ओळ काढून परत टाकू. म्हणाल्या, "दिलेल्या माहितीतला आकडा खोडून गणित सोडवायला सांगतोस?"

आणि दुसरीकडे बघ. त्याच खोक्यात एक रंगीत कार्ड होतं, विक्रेत्याचं. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १५० रुपये मिळवा. बाईंनी ते वहीत जपून ठेवलंय. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये मानक काढलं, आयएस १९०००, त्यात विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं आहे, पण ते पाळणं ऐच्छिक. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला दीडशे देऊन लिहून घेतलं तर ते भासवणं नव्हे, असं म्हणायला तुमच्या ऑनलाइन धंद्यातला कुणीतरी मोकळाच. "फक्त २ शिल्लक" ही पाटी बाई आठवडाभर बघत होत्या, दोनाचे एक झाले नाहीत. खोटी घाई २०२३ पासून नियमानं बंद आहे म्हणे. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू म्हटलं, तर म्हणाल्या, आधी दिनेशला विचार, तो हेच काम करतो ना?

म्हणून हे पत्र. तुझ्या टीमचं काम म्हणजे विक्रेत्यांची पानं लिहिणं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांना आधीच माहीत होतं. "हुशार होता," म्हणाल्या, "फक्त पायऱ्या गाळायचा." तू चिडशील, दिवाळीत चिडलास तसाच. पण मला वादात जिंकायचं नाहीये. मला सरळ सांग: पोर्टचा वेग वर, नावाजवळ लिहायला काय अडतं? वेगळ्या मॉडेलांचे स्टार एकत्र करतं कोण, विक्रेता की दुकान? आणि ते कार्ड कुठे पाठवलं तर कुणीतरी खरंच बघेल? तुला यातलं आतलं माहीत आहे, मला काउंटरपुरतंच.

सानूची बारावी कशी गेली? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या शाळेची बदली अडली होती ती सुटली असेल. गणपतीला आलास तर दोन दिवस काढून ये, माळ्यावर तुझं जुनं सामान आहे, ते तरी घेऊन जा.

उत्तर बाईंना थेट लिहिलंस तरी चालेल. पण फोनवर नको, त्यांना हल्ली एका कानानं कमी ऐकू येतं आणि त्या ते कबूल करत नाहीत.

तुझा,
बंड्या

ता.क. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत ठेवलेत. राउटरच्या खालच्या लेबलचाही आहे, मॉडेलनंतर जो व्हर्जनचा आकडा असतो तो बघ, पानावर वेगळा दिलाय.