खोटा रिस्पॉन्स खऱ्यासारखा बनवायला शिकवलंत, ताई

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही टीम बदललीत त्या दिवशी निरोपाच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही. आज सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण तुम्ही दाखवलंत ते कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

पार्सल कुठवर पोचलं हे बाहेरच्या सेवेला विचारणारा पायथनचा कोड तेव्हा माझ्याकडे होता. सुरुवातीला माझ्या टेस्ट थेट त्या सेवेलाच कॉल करायच्या. नेट मंदावलं की टेस्ट लाल, म्हणजे नापास, समोरचा सर्व्हर बंद पडला की टेस्ट लाल. मग मी मॉक, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवायचा खोटा ऑब्जेक्ट, वापरायला लागले आणि सगळं हिरवं झालं. तरीही एका रात्री समोरून ५००, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याचा कोड, आला आणि आमचा रात्रीचा जॉब तिथेच बंद पडला. पुढची सगळी पार्सलं तपासायची राहिली. मला कळेचना, ५०० ची टेस्ट तर मी लिहिली होती, आणि ती पासही होत होती!

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात. रागावला नाहीत, पायथनचा शेल, म्हणजे कोड ओळीओळीनं चालवून बघायची खिडकी, उघडायला सांगितलंत. माझ्यासारखाच एक मॉक बनवलात, त्याचा स्टेटस कोड ५०० ठेवलात आणि त्यावर ‘रेझ फॉर स्टेटस’ (कोड बिघाडाचा असेल तर एरर उठवणारं फंक्शन) कॉल केलंत. खऱ्या रिस्पॉन्सवर तिथे एरर यायला हवा. मॉकनं मात्र मुकाट्यानं आणखी एक मॉक हातात ठेवला. मग तुम्ही मुद्दाम स्पेलिंग चुकवून भलतंच नाव टाइप केलंत, तरी तेच. ‘‘याला काहीही विचार, हा नाही म्हणत नाही,’’ तुम्ही म्हणालात. माझा कोड तो एरर पकडतच नव्हता आणि माझ्या टेस्टमध्ये तो एरर कधी उठतच नव्हता. ते पाहताना अंगावर काटा आला होता.

त्याच बैठकीत तुम्ही ‘रिस्पॉन्सेस’ ही लायब्ररी लावून दिलीत. ती माझं फंक्शन बदलत नाही. ‘रिक्वेस्ट्स’ ही वेबवर कॉल करणारी पायथनची लायब्ररी नेटवर जायच्या बेतात असताना ती वाट अडवते आणि आपण ठरवलेलं उत्तर खऱ्या रिस्पॉन्स ऑब्जेक्टमध्ये घालून परत देते. त्यामुळे ५०० दिला की ‘रेझ फॉर स्टेटस’वर खराखुरा एरर उठतो. न नोंदवलेल्या यूआरएलला कॉल गेला तर कनेक्शन एरर येतो, म्हणजे चुकून खऱ्या सेवेला हात लागत नाही. माझी जुनी टेस्ट त्यावर चालवली आणि ती लगेच लाल झाली. त्या लाल रंगाचा मला मनापासून आनंद झाला.

‘‘आधी खरं उत्तर बघ, मग खोटं बनव,’’ हे तुमचं वाक्य मी कधी विसरणार नाही. कर्ल या कमांडनं हेडरसकट (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींसकट) उत्तर घ्यायचं, त्यातलं टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, काढून टाकायचं आणि फाइलमध्ये ठेवायचं. तसं केल्यावरच कळलं की ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) येतो तेव्हा मधला गेटवे सर्व्हर जेसन या डेटाच्या साच्यात नाही, एचटीएमएलचं वेबपान पाठवतो, आणि ते जेसन म्हणून वाचायला गेलं की कोड वेगळ्याच ठिकाणी फुटतो. ४२९ (फार वेळा विचारलंत) सोबत येणाऱ्या ‘रिट्राय आफ्टर’, म्हणजे पुन्हा कधी विचारायचं ते सांगणाऱ्या, हेडरमध्ये सेकंद असू शकतात तशी तारीखही असू शकते, हेही तुम्हीच सांगितलंत. मी तिथे आकडाच येणार असं धरून चालले होते. आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत! आपण दिला नाही तर ‘रिक्वेस्ट्स’ वाट पाहणं स्वतःहून सोडत नाही, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. टेस्टमध्ये बॉडीच्या जागी टाइमआउटचा एरर ठेवायचा आणि दोन प्रयत्नांमध्ये थांबवणारा स्लीपही मॉक करायचा, म्हणजे रिट्रायची (पुन्हा प्रयत्न करण्याची) टेस्ट क्षणात संपते.

एका गोष्टीवर मी तुमच्याशी वाद घातला होता. एवढे मॉक असताना रोज एक टेस्ट त्या सेवेच्या चाचणी सर्व्हरवर कशाला चालवायची? तुम्ही हट्टानं ठेवायला लावलीत. मागच्या महिन्यात त्यांनी वजनाचं फील्ड आकड्याऐवजी स्ट्रिंग केलं. मॉकवरच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि सकाळी ती एकटी लाल. तुमचं बरोबर होतं, ताई.

जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही म्हणून उत्तर घेतल्याची तारीख फाइलच्या नावातच घालायची सवय तुम्ही लावलीत. त्या फोल्डरमध्ये आता बऱ्याच फाइली झाल्यात आणि बहुतेक बदलूनही झाल्या. तुम्ही त्या दिवशी सेव्ह केलेली ५०० ची फाइल मात्र तशीच आहे, तुमच्या हातची तारीख नावात घेऊन. ते उत्तर अजून तसंच येतं, मी कालच ताडून पाहिलं.

मनापासून आभार.

तुमची,
जुन्या टीममधली धाकटी सहकारी