रात्री साडेदहाचा 'अर्जंट नाही' मेसेज

मा. संपादक,

मी ऐरोलीला एका बॅक ऑफिसमध्ये आहे, राहायला कळव्याला. मागच्या महिन्यात फोन पाण्यात पडला आणि रिपेअरवाल्याने पाच दिवस ठेवून घेतला. पहिल्या दिवशी ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघताना हात सारखा खिशाकडे जात होता, अक्षरशः वेड्यासारखा. पण तिसऱ्या दिवशी लंचला टपरीवर नुसता चहा घेत उभा राहिलो, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याशी धड बोललो, त्याला मुलगी झालीय आणि ती आता चार महिन्यांची आहे हे मला तेव्हा कळलं! एरवी साडेचारनंतर माझ्या एंट्र्या चुकतात आणि चेकिंगवाल्या मॅडम परत पाठवतात, रोजचंच आहे. त्या आठवड्यात एकदाच परत आली.

फोन आला आणि पहिले पाढे पंचावन्न. रात्री साडेदहाला टीम लीडचा, म्हणजे आमच्या वरिष्ठाचा मेसेज, 'अर्जंट नाही, उद्या बघितलं तरी चालेल'. अहो मग उद्याच टाका ना! एकदा वाचलं की पडल्या पडल्या डोक्यात बेरजा सुरू होतात, आणि नाही वाचलं तर सकाळी 'काल कुठे होतात?' वर कंपनीने डिजिटल डिटॉक्सचं, म्हणजे फोन-स्क्रीनपासून लांब राहायचं सेशन ठेवलं ते शनिवारी, ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती.

माझे वडील वागळे इस्टेटला कारखान्यात होते. भोंगा झाला की मशीन बंद, हात धुवायचे, घरी. मशीन काही मागोमाग घरी येत नव्हतं. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हाच भोंगा परत आणला, संध्याकाळी ७ ला वाजला की दीड तास टीव्ही मोबाइल बंद. तिथे ते पोरांच्या अभ्यासासाठी आहे, पण जमतं कारण सगळ्या गावाचंच बंद असतं. आमच्यात एकट्याने बंद केला की तो कामचुकार.

फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास आणि वर कामगार असलेल्या कंपन्यांना, कामाची वेळ संपल्यावर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करावीच लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्कासाठी खासगी विधेयक आणलं होतं, कायदा काही झाला नाही. तोपर्यंत निदान इकडच्या आयटी पार्कवाल्यांनी रात्री आठनंतर ऑफिसचा ग्रुप बंद ठेवावा. मेल सकाळी ९ ला जाईल असा लावून ठेवता येतो, व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकेल अशी सेटिंग आहे. आमच्या ग्रुपचा ॲडमिन लीडच आहे, तेवढी अडचण.

– एक नोकरदार, कळवा (ठाणे)